तिरकी दोरी

बस पुलावर चढली आणि चौथ्या खांबावर आली तेव्हा खिडकीशी बसलेल्या तिला एक धक्का बसला. फार मोठा नव्हे. मांडीवरचा डबा उडून खाली पडावा, शेजारच्या म्हाताऱ्यानं "अगं आई" म्हणावं आणि पुढच्या क्षणी पुन्हा पेंगायला लागावं, एवढाच. कंडक्टरनं डबा उचलून तिच्या हातात दिला. "महिनाभर रोज देतोय हा दणका," तो म्हणाला, "आता आम्ही त्यावर घड्याळ लावतो." बसमधली दोन-चार माणसं हसली. तिनंही हसल्यासारखं केलं. लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर रजा काढून ती आज पहिल्यांदा कामावर चालली होती. अंगाला अजून बाळाच्या तेलाचा वास होता. एकवीस वर्षं ती या पुलावरून कचेरीत जात होती आणि कचेरीत बसून याच पुलाखालच्या पाण्याचे आकडे तपासत होती. पूल तिला कागदावर तोंडपाठ होता: किती खांब, कोणता किती रुंद, पाया तळाखाली किती गाडलेला. पण तो असा बुडाखाली कधी जाणवला नव्हता. तिनं खिडकीतून वाकून पाहिलं. नदी नेहमीसारखी शांत होती, नितळ, तळाचे गोटे मोजता यावेत अशी. नदी स्वच्छ झाली म्हणून गावाला केवढा अभिमान! लहानपणी याच नदीत पाय बुडवला तर घोट्याच्या खालचं दिसत नसे, चहासारखं पाणी असायचं. तेव्हा लोक नाक मुरडायचे. आता कठड्याला टेकून फोटो काढतात.

कचेरीत शिरताच कळलं की आजचा दिवस साधा नाही. इथं पावसाचा थेंब नव्हता, उलट ऊन कडकडून पडलं होतं. पण वर डोंगरात तीन दिवस धो धो कोसळत होता. वर्षाचा पाऊस हल्ली वर्षभर पडतच नाही, चार दिवसांत उरकून घेतो. धरण काठोकाठ भरलं होतं. बारा वाजता दरवाजे उघडणार, पाणी साडेपाचच्या सुमाराला पुलापाशी पोचणार. तिच्या टेबलावर तक्ता येऊन पडलेला होता. आत्ताची पातळी एक मीटर ऐंशी, येऊ घातलेली तीन मीटर दहा, धोक्याची खूण पाच मीटर. खाली ओळ: पूल वाहतुकीस सुरक्षित. त्याखाली तिच्या सहीची जागा मोकळी होती, "आकडे तपासले" या दोन शब्दांच्या शेजारी. तीन वाजेपर्यंत कागद वर जायचा होता. तिनं पेनचं टोपण काढलं आणि तशीच बसून राहिली. सकाळचा धक्का मनातून जात नव्हता.

कचेरीत तिला मागून चाळणी म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोला, मनातून आवडतही होतं. नदीकाठावरून येणारे आकडे म्हणजे कचरा-माती मिसळलेले दाणे. कोण झोपेत वाचतो, कोण सातचा एक करतो, कोण घरी चहा पिता पिता आठवड्याचे आकडे एका दमात लिहून टाकतो. तिच्या हाताखालून गेलं की आकडा स्वच्छ. कुणाचा आकडा बाकीच्यांशी फटकून वागला की ती त्याच्यावर आडवी रेघ मारायची आणि आजूबाजूचे पाहून मधला शहाणा आकडा वर लिहायची. त्यात तिचा हातखंडा होता. फक्त एकच माणूस तिला पुरून उरला होता, तो दोरीवाला. पुलावरून शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून खांबाखांबाशी खोली मोजायची हे त्याचं काम. सगळी दुनिया यंत्रावर गेली तरी तो दोरीला चिकटून होता. धरण झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून त्याचे चौथ्या खांबाचे आकडे वाढायला लागले. साडेचारचे पाच. पाचचे सहा. मग एकदम सात मीटर तीस. ती हसली होती. नदीचा तळ म्हणजे काय लिफ्ट आहे खाली जायला? तिला कारण लगेच सापडलं, कारण ते पुस्तकातच होतं: पाण्याला जोर असला की दोरी तिरकी जाते, आणि तिरकी दोरी नेहमी लांब भरते. तिनं तिरकेपणाची वजावट केली आणि साडेचारवर आणून ठेवले. चार वेळा केलं. पाचव्या वेळी वैतागून तिनं शेरा लिहिला, साहेबांना प्रत लावून: निरीक्षकाने दोरी सरळ धरण्याची काळजी घ्यावी, आकडे घरी बसून लिहिले जात असल्याची शंका येते. त्याला साहेबांनी सगळ्यांसमोर उभं करून समज दिली. त्यानंतर माणूस सुधारला. चार साठ, चार सत्तर, चार साठ. तीन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, एक आकडा फटकला नाही. निरोप समारंभात तिनं स्वतः त्याचं कौतुक केलं होतं. तो गेल्यावर त्याच्या जागी खांबावर एक डबा बसवला, तो पातळी सांगतो. खोली कुणी मोजलीच नाही. मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं ते सात महिने झाले तिकडेच आहे.

तिनं ते तीन वर्षांचे आकडे उघडून पाहिले. पट्टी घेऊन ओढल्यासारखे. आज त्यांच्याकडे बघताना तिला अचानक आईचा आवाज ऐकू आला, पडद्यामागून. वडील शिंपी होते. बायकांची मापं आई घ्यायची, पडद्याआड, आणि तिथून आकडे सांगायची. वडील बाहेर बसून वहीत लिहायचे. "कंबर अडतीस." वडील न बघताच ओरडायचे, "अडतीस कशी असेल? टेप नीट धर!" आणि वहीत चौतीस लिहायचे, कारण चेहरा बघून त्यांना कळायचं म्हणे. एकदा दोन गिऱ्हाइकांसमोर त्यांनी आईला अडाणी म्हटलं. ती स्वतः तेव्हा नऊ वर्षांची असेल, बटणांचा डबा घेऊन कोपऱ्यात बसलेली. त्यानंतर पडद्यामागून येणारे आकडे एकदम बरोबर यायला लागले. वडील खूश. "शिकली बघ तुझी आई." कपडे मात्र रोज संध्याकाळी आई एकटी उसवायची आणि पुन्हा शिवायची, वडील बाहेर गेले की. त्यांना जे ऐकायचं होतं ते ती सांगत होती आणि खरं काय ते सुईनं निस्तरत होती. हे तिला, आईच्या लेकीला, पंचेचाळीस वर्षं माहीत होतं. आणि तरी तिनं दोरीवाल्याच्या सरळ आकड्यांकडे पाहून तेच म्हटलं होतं. शिकला.

ती उठून पलीकडच्या टेबलाशी गेली. तिथं गाळाचा तक्ता असायचा. नदीच्या पाण्याच्या बाटल्या येतात, ते गाळून वाळवतात आणि कागदावर उरलेली माती तोलतात. ते काम दुसऱ्याचं, तिचं नव्हे. एका कचेरीत एकवीस वर्षं, पण दुसऱ्याच्या टेबलावर डोकावायची पद्धत नाही. तिनं बारा वर्षांचे कागद उभ्याउभ्या चाळले. धरण झालं त्या वर्षापासून माती कमी कमी होत गेली होती, आता दहावा हिस्साही उरली नव्हती. सगळी वर अडकली होती, धरणाच्या पोटात. खाली येत होतं ते नुसतं उपाशी पाणी. पाण्याला माती वाहायची सवय. वरून मिळाली नाही तर ते पायाखालची उकरून खातं. त्यात पुलाच्या खालच्या अंगाला वाळूचे पंप दिवसरात्र चालू. बरं, तळ खाली गेला की पाणीही त्याच्यासोबत खाली बसतं. मग डबा कमी पातळी सांगतो. मग सगळे निर्धास्त. धोक्याची खूण वर खांबावर रंगवलेली, आणि धोका खाली. तिनं टेबलाची कड धरली तेव्हा गाळाच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, बाळ रात्री झोपू देत नाही वाटतं?"

साहेब फोनवर होते. त्यांनी खुणेनं बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"साहेब, पूल बंद करायला हवा. पाणी यायच्या आत."

"का? पातळी वाढली?"

"पातळी नाही. तळ. मला वाटतं चौथ्या खांबाखालचा तळ गेलाय."

"वाटतं?" साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी फोन ठेवला, चष्मा पुसला. "बाई, पूल बंद म्हणजे चाळीस किलोमीटरचा वळसा. इस्पितळ पलीकडे आहे. आणि काही झालं नाही तर उद्या लोक मला या खिडकीतून बाहेर फेकतील. तुमच्याच सहीचे आकडे आहेत, तीन वर्षं चार साठ. ते खोटे आहेत का?"

ती खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली.

"आकडा आणा," साहेब म्हणाले. "वाटण्यावर पूल बंद होत नाही. हे तुम्हीच शिकवलंत सगळ्यांना."

दोरीवाला पुलाच्या तोंडाशीच राहायचा, टायरच्या दुकानावरच्या खोलीत. रिक्षातून उतरून ती जिना चढली. दोन वाजून गेले होते. वर दरवाजे उघडून दोन तास झाले. पाणी निघालं होतं. ते आता कुठल्या वळणावर असेल याचा हिशेब तिचं डोकं आपोआप करत होतं आणि तो थांबवता येत नव्हता. दार त्याच्या बायकोनं उघडलं. ओळखल्यावर बाजूला झाली, पण या म्हणाली नाही. "पाणी देऊ, की तेही मोजूनच लागतं तुम्हाला?" बायको म्हणाली. आतून आवाज आला, "बसू दे त्यांना." तो खिडकीशी रेडिओ उघडून बसला होता, स्क्रू एका बशीत. रस्त्यावरून ट्रक गेला की बशीतले स्क्रू खुळखुळायचे. तिला वाटलं होतं तो म्हातारा दिसेल. तो तिच्यापेक्षा तरुण दिसत होता.

"चौथा खांब," ती म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही. "ते आकडे खरे होते ना? पाच, सहा, सात तीस?"

त्यानं एक स्क्रू उचलला, पाहिला, परत ठेवला.

"आता विचारताय."

"दोरी तिरकी जाते म्हणून मी..."

"दोरी तिरकी जाते हे मला शिकवता, बाई? पाण्याला जोर असला तर जाते. मी एप्रिलमध्ये मोजत होतो. पाणी डबक्यासारखं उभं होतं. दोरी ओळंब्यासारखी सरळ. तारीख लिहायचो मी, पहिल्याच रकान्यात."

पहिला रकाना. तिनं तो कधी पाहिला नव्हता. एकवीस वर्षं ती आकडे तपासत होती आणि तारखा बघत नव्हती, कारण तारखा कधी चुकत नाहीत. कान तापून लाल झाले, शाळेत सगळ्यांसमोर छडी खाल्ल्यासारखे.

"आणि नंतरचे? चार साठ, चार सत्तर?"

"ते तुमचे." तो शांतपणे म्हणाला. "तुम्हाला आवडतील असे. घरी बसून लिहायचो, तुम्ही म्हणाला होतात तसेच. आधी नव्हतो लिहीत, तुम्ही म्हटल्यावर लिहायला लागलो."

बायको आत भांडी आपटत होती. इकडे तिनं घड्याळ पाहिलं. दोन वाजून बावीस.

"शेवटचं खरं कधी मोजलंत?"

"निवृत्त व्हायच्या आठवड्यात. कुणासाठी नाही, माझ्यासाठी." त्यानं बशी बाजूला सरकवली. "पाण्याखाली बारा मीटर जाईल एवढी दोरी माझी. ती संपली, बाई. वजन टेकलंच नाही. हातात नुसतं टोक राहिलं. मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग घरी आलो आणि चार साठ लिहिले."

बारा वजा साडेचार. साडेसात. पाया तळाखाली नऊ मीटर. उरला दीड, तोही दीड वर्षापूर्वीचा. तिच्या डोळ्यांसमोर तो खांब उभा राहिला, घोट्यापर्यंत मातीत आणि बाकी सगळा पाण्यात, आणि त्याच्यावरून बस, डबे, पेंगणारी म्हातारी माणसं, परवा लेक बाळाला घेऊन सासरी जाणार ती गाडी. तिनं मोबाइल पुढे केला. "हे साहेबांना सांगा. आत्ता. तुमच्या तोंडून."

त्यानं हात मागे घेतले. "नाही."

"अहो, पाणी निघालंय..."

"खोटे आकडे लिहिले म्हणून सांगू? चौकशी लागेल. पेन्शन थांबेल. हिची औषधं त्याच्यावर आहेत." त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्या नजरेत राग नव्हता, तेच तिला सोसेना. "पूल पडावा असं नाही मला वाटत. पण एकदा सगळ्यांसमोर खोटारडा ठरलोय. दुसऱ्यांदा नाही ठरणार."

ट्रक गेला. स्क्रू खुळखुळले. तिला वाटलं याच्यावर ओरडावं, हात जोडावेत, पाय धरावेत. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की यातलं काहीही करायचा हक्क तिला नाही. याला खोटं लिहायला तिनंच बसवलं होतं. आईनं कधी वडिलांना सांगितलं नाही. वडील गेले तेही आपली नजर टेपपेक्षा पक्की या समाधानात. आई मात्र म्हातारपणी डोळ्यांनी अधू झाली, दिवेलागणीला उसवून उसवून. तिनं साहेबांचा नंबर लावला.

"साहेब, आकडा मिळाला. चौथ्या खांबाशी बारा मीटरपेक्षा जास्त. दोरी संपली."

"कुणी मोजला?"

"दोरीवाल्यांनी. निवृत्त व्हायच्या आठवड्यात."

"त्या आठवड्याचा आकडा माझ्यासमोर आहे, बाई. चार साठ. त्यांनीच लिहिलेला."

दोरीवाल्यानं मान खाली घातली. आतलं भांड्यांचं आपटणं थांबलं.

"त्यांनी नाही," ती म्हणाली. "मी लिहिला. त्यांनी बारा दिला होता, मी बदलला. तीन वर्षं सगळे मीच बदलले. त्यांचे मूळ कागद मी फाडले."

आयुष्यात तिनं एक आकडा खोटा लिहिला नव्हता. निदान आज सकाळपर्यंत तिची तशी समजूत होती. आणि आता हे खोटं इतकं सरळ, इतकं सोपं बाहेर पडलं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

"तुम्ही काय बोलताय कळतंय ना तुम्हाला?" साहेबांचा आवाज बारीक झाला होता. "दोन वर्षं राहिलीत तुमची. हे मला लिहून घ्यावं लागेल."

"घ्या. मी सही करते. आधी पूल बंद करा."

"का केलंत असं?"

याला मात्र खरं उत्तर होतं. "कारण ते मला पटत नव्हते, साहेब."

फोन ठेवला तेव्हा दोन वाजून एकतीस मिनिटं झाली होती. त्याची बायको पाण्याचा पेला घेऊन आली आणि तिच्यासमोर ठेवून तशीच उभी राहिली. ट्रक जात होते. एक, दोन, मग शाळेची बस. तिनं मोजायचं नाही असं ठरवलं आणि मोजत राहिली. पेल्यातलं पाणी दर खेपेला थरथरत होतं. तीन वाजले. साहेबांनी ऐकलं नसेल. वरच्यांनी साहेबांचं ऐकलं नसेल. तिनं खोटं बोलून स्वतःच्या हातानं स्वतःला बुडवलं असेल आणि पूल चालूच राहील. सव्वातीनला एक टँकर गेला आणि त्याच्यामागं काही आलं नाही. बऱ्याच वेळानं दूर कुठंतरी एक हॉर्न वाजला, मग दुसरा, मग एकदम पन्नास. लोक खाली उतरून शिव्या देत होते, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. कुणाचं तरी लग्न होतं पलीकडे, कुणाचं विमान होतं.

दोरीवाला उठला, खुंटीवरचा शर्ट अंगात अडकवला. "चला."

"कुठं?"

"पाणी येईल ते कुणीतरी लिहायला नको? तुमचा तो डबा नुसती उंची सांगतो. जोर सांगत नाही."

काठावर ते दोघं उन्हात उभे राहिले, साडेपाच वाजून जाईपर्यंत. पूल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिकामा होता. तिनं तो असा कधी पाहिला नव्हता. तो उभाच राहिला तर उद्या गाव आपल्याला फाडून खाईल, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ आलं ते अधिक वाईट होतं: पडू दे. एकदाचा पडू दे, म्हणजे मी बरोबर ठरेन. तिला स्वतःची शिसारी आली. एवढं होऊनही ही खोड जात नाही. मग पाणी आलं. आवाज आधी आला. नितळपणा क्षणात गेला, तळ ढवळून वर आला आणि नदी तिच्या लहानपणीसारखी लाल-तपकिरी झाली, फरक इतकाच की ही माती डोंगरातली नव्हती, पुलाखालची होती. डब्यावर तीन मीटर चढले आणि तिथंच थांबले, धोक्याच्या खुणेच्या दोन मीटर खाली. दोरीवाल्यानं काठावरचे दोन दगड डोळ्यांनी पक्के केले, एक ओंडका वाहत आला तसा तो ओठांतल्या ओठांत सेकंद मोजू लागला. ओंडका दुसऱ्या दगडापाशी गेला.

"लिहा. सेकंदाला पाच मीटर साठ."

तिनं पिशवीतून कचेरीची नोंदवही काढून उघडली. सगळ्या वहीत पाण्याचा वेग सेकंदाला सव्वातीन मीटरच्या वर कधी गेला नव्हता. ओंडका धारेच्या मधोमध होता. यानं मोजायला उशिरा सुरुवात केली असेल. डोळ्यांनी दगड थोडे पुढे-मागे धरले असतील. एकाच वेळी एवढी कारणं तिच्या डोक्यात तयार उभी होती. तिनं आधी तारीख लिहिली, मग वेळ. आकडा तिला फार जास्त वाटला. तिनं तो तसाच लिहिला.